पोखर्णीहून देवगिरीकडे

दूर देशींच्या डोंगरमाथ्यावरील पुराणीं नगरें पाहून यावीं, ही हौस आतां शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, अँडीज पर्वताच्या एका खांद्यावर, माचू पिच्चू या नांवाचें इंका राजांचें पाषाणनगर आहे. त्याचें चित्र ज्या घरांत कोणीं पाहिलें नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. चित्र पाहून झालें, कीं प्रवासाचे बेत सुरू होतात. किती विमानें बदलावीं लागतील, प्रवेशाचें तिकीट किती महिने आधीं काढावें, कारण तेथें रोज ठराविक संख्येनेंच आणि ठराविक वेळींच लोकांना आंत सोडतात. पावसाळा तेथें नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत, तेव्हां आपली दिवाळीची सुटी सोयीची कीं उन्हाळ्याची. कुझ्को हें शहर सुमारें ३,४०० मीटर उंचीवर, तेथें विरळ हवेनें डोकें दुखतें, म्हणून पहिले एकदोन दिवस स्वस्थ राहावें कीं कसें. आणि नगर स्वतः त्याहून बरेंच खालीं, म्हणजे सुमारें २,४३० मीटर उंचीवर, तेव्हां आधीं तिकडेच उतरावें हें बरें कीं काय. असा हा खल घरोघर चालतो. तो व्यर्थ आहे असें कोण म्हणेल? दूरचें जग पाहण्याची इच्छा ही शिक्षणाचीच एक खूण आहे.

परंतु या नगराचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. पंधराव्या शतकांत, पाचाकुती या थोर इंका राजाच्या काळीं तें बांधलें गेलें आणि शंभर वर्षें भरलीं न भरलीं तोंच ओस पडलें. स्पेनचे विजेते तेथें फिरकल्याची खूण नाहीं. १९११ सालच्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस हायरम बिंगम हा अमेरिकन प्राध्यापक तेथें पोहोंचला आणि त्यानें तें जगापुढें मांडलें. ‘शोध लावला’ असें म्हणण्याची पद्धति आहे खरी. पण बिंगमला वाट दाखविणारा मेल्चोर आर्तेआगा हा तेथलाच शेतकरी होता, वर पोहोंचल्यावर जुन्या बांधांवर शेती करीत असलेलीं कुटुंबें त्याला भेटलीं, आणि लिझारागा नांवाच्या दुसऱ्या एका स्थानिक मनुष्यानें १९०२ सालींच आपलें नांव कोळशानें तेथल्या भिंतीवर लिहून ठेवलें होतें. जें गांवकऱ्यांना ठाऊक असतें त्याचा शोध पुष्कळदां परकाच लावतो, हा अनुभव हिंदुस्थानास नवा नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांचें असेंच झालें.

माचू पिच्चूच्या बांधकामांतील सर्वांत कौतुकाची गोष्ट म्हणजे तेथील प्रमुख मंदिरांच्या भिंती. चुना नाहीं, माती नाहीं. एका दगडाच्या अंगाला दुसरा दगड असा घासून बसविला आहे कीं मध्यें सुरीचें पातें शिरूं नये. सामान्य घरांना मातीचा लेप आहे, पण देवाच्या आणि राजाच्या वास्तूंना तो नाहीं. या लोकांपाशीं लोखंड नव्हतें आणि वाहतुकीस ते चाक वापरीत नसत, हें लक्षांत घेतलें म्हणजे आश्चर्य दुणावतें.

आतां हें आश्चर्य पाहण्यासाठीं जो मराठवाड्यांतून निघाला, त्याला एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. चुन्यावांचून उभी असलेली भिंत त्यानें घराशेजारीं पाहिली आहे काय?

परभणीपासून दहाबारा मैलांवर पोखर्णी हें गांव आहे. नांवांतच पुष्करिणी दडलेली दिसते. तेथें नृसिंहाचें पुरातन देवालय असून परभणीहून परळी वैजनाथास जाणाऱ्या लोहमार्गावर जें स्टेशन आहे त्याचें नांवही ‘पोखर्णी नृसिंह’ असेंच आहे. ज्या पद्धतीला लोक हेमाडपंती म्हणतात त्या पद्धतीचें हें मंदिर. गाभाऱ्याचें दार इतकें लहान कीं कितीही मोठा मनुष्य असो, अंग चोरून आणि देह लववूनच त्याला देवापुढें जावें लागतें. नवसाला येणारे हजारों लोक या दारांतून आंतबाहेर करतात. दाराच्या दोहों बाजूंच्या दगडांकडे मात्र फारच थोड्यांची दृष्टि जाते. हेमाडपंती बांधणींत काळ्या फत्तराचे घडीव चिरे एकावर एक रचतात. एका चिऱ्याला खांच, दुसऱ्याला तिच्यांत बसणारा उंचवटा, आणि बाकीचें काम दगडाचें स्वतःचें वजन करतें. चुन्याचा संबंध नाहीं. अँडीजमधला पाथरवट आणि गोदातीरींचा पाथरवट यांची कधीं गांठ पडली नाहीं, मध्यें दोन महासागर होते. तरी दोघांनींही दगडाला दगडाच्याच आधारें उभा करण्याची विद्या साधली.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. हेमाद्रि किंवा हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य मंत्री. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या पदरीं त्यानें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत काम केलें, ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ रचला, आणि मोडी लिपीच्या प्रसाराचें श्रेयही परंपरा त्यालाच देते. पण बिनचुन्याची बांधणी त्याच्या आधींची आहे. अंबरनाथचें देवालय १०६० सालचें, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशें वर्षें आधींचें. लोकांनीं मात्र सगळें श्रेय त्या एका नांवाला देऊन टाकलें. लोकांची स्मृति अशीच असते. राजे विसरले जातात आणि एखादा कारभारी गांवोगांवच्या देवळांत उरतो.

तर पोखर्णीचा दगड ज्या काळाची आठवण देतो त्या काळाची राजधानी देवगिरि. माचू पिच्चूचा बेत करणाऱ्यानें, निदान तालीम म्हणून तरी, आधीं देवगिरीचा बेत करावा. हा बेत सोपा आहे. पण सोपा असल्यामुळेंच तो बहुधा वाईट रीतीनें केला जातो. वेरूळची लेणीं पाहून परततांना अर्धा तास गाडी थांबवावयाची, पहिल्या दरवाजाशीं छायाचित्र काढावयाचें, उन्हाच्या नांवानें बोटें मोडावयाचीं आणि पैठणीच्या दुकानाकडे वळावयाचें, ही आजची रूढ देवगिरि-यात्रा. पांचशें वर्षें ज्या डोंगरासाठीं दख्खनचीं सिंहासनें उलथलीं, त्याच्या वांट्याला अर्धा तास!

पोखर्णीहून गाडीनें परभणीस यावें आणि तेथून मनमाडकडे जाणारी गाडी धरावी. हा मनमाडचा मार्ग निजामाच्या राज्यांत, एकोणिसाव्या शतकाची अखेर होऊन विसावें उजाडत असतां, हैदराबाद–गोदावरी खोरें रेल्वे या नांवानें सुरू झाला. पूर्वीं तो अरुंद मापाचा होता, आतां रुंद झाला आहे. परभणीपासून छत्रपति संभाजीनगरापर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला सरकारदरबारीं औरंगाबाद म्हणत त्या शहरापर्यंत, सुमारें पावणेदोनशें किलोमीटर अंतर आहे. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना अशीं स्टेशनें मागें पडतात. या प्रवासांत झोंप काढूं नये. पोखर्णीच्या एका बाजूस गोदावरीकांठचें गंगाखेड, परंपरेनें जनाबाईचें गांव. उत्तरेस औंढ्या नागनाथाचें यादवकालीन मंदिर आणि पलीकडे नामदेवांची नरसी. वर पैठण, आपेगांव. ज्ञानेश्वरी पुरी झाली ती शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, आणि ज्ञानदेवांनीं ग्रंथाच्या शेवटीं यादव राजा रामचंद्राचा उल्लेख केला आहे. म्हणजे हा लोहमार्ग ज्या मुलखांतून जातो तेथें जात्यावर आणि चंद्रभागेच्या वाळवंटांत मराठी भाषा ज्या काळीं आपला कंठ शोधीत होती, त्याच काळीं मार्गाच्या दुसऱ्या टोंकाला, डोंगरावर, त्या मुलखाचा राजा बसला होता. आणि ज्ञानेश्वरी पुरी होऊन सहा वर्षेंही धड झालीं नव्हतीं, तोंच तो राजा लुटला गेला.

या राज्याचा थोडा परिचय करून घेऊनच वर चढावें. पांचवा भिल्लम या यादवानें चालुक्यांचें जूं झुगारून बाराव्या शतकाच्या अखेरीस, ११८७ च्या सुमारास, देवगिरि ही राजधानी केली. त्याचा नातू सिंघण याच्या कारकीर्दींत राज्य ऐन भरास आलें. संगीतशास्त्राचा आधारस्तंभ मानला जाणारा ‘संगीतरत्नाकर’ शार्ङ्गदेवानें सिंघणाच्याच पदरीं राहून लिहिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्याचा शिलालेख आजही प्रसिद्ध आहे. गणित, गायन, धर्मशास्त्र, व्याकरण, शिल्प, सर्व कांहीं या दरबारांत होतें. उत्तरेंत काय चाललें आहे याची खबर मात्र नव्हती, आणि पुढची हकीकत याच एका उणीवेची आहे.

उत्तरेंत जलालुद्दीन खिलजी दिल्लीच्या तख्तावर होता. त्याचा पुतण्या आणि जांवई अलाउद्दीन हा गंगेकांठच्या कडा प्रांताचा सुभेदार. चुलत्याला थांगपत्ता लागूं न देतां कांहीं हजार निवडक स्वार घेऊन १२९६ च्या आरंभास तो विंध्य ओलांडून खालीं उतरला. वाटेंत कोणीं विचारलें तर आपण चुलत्यावर रुसून दक्षिणेंतल्या एका राजाकडे चाकरीस चाललों आहों, अशी बतावणी त्यानें केली, असें फिरिश्ता सांगतो. एलिचपुरावरून तो सरळ देवगिरीच्या रोखानें आला. लाजौरा नांवाच्या घाटांत कान्हा या यादव सरदारानें त्याला अडविण्याचा यत्न केला. दख्खनमध्येंच बसून चौदाव्या शतकाच्या मध्यास काव्यमय इतिहास लिहिणारा इसामी म्हणतो कीं या लढाईंत दोन स्त्रियांनीं मोठें शौर्य गाजविलें. त्यांचीं नांवें त्यानें दिलेलीं नाहींत. शत्रूच्या इतिहासकारानें ज्यांचा पराक्रम नोंदवावा आणि स्वकीयांच्या एकाही ग्रंथांत ज्यांची ओळ नसावी, अशा या दोन मराठी बायका!

राजधानीजवळ शत्रू आल्याची वार्ता रामचंद्राला लागली तेव्हां फार उशीर झाला होता. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेलें. राजानें घाईघाईनें जमतील तितके लोक गोळा केले, पुढें जाऊन झुंज दिली, आणि मार खाऊन किल्ल्यांत आसरा घेतला. खालचें शहर सांपडलें. सावकार, व्यापारी, ब्राह्मण, सर्व शत्रूच्या हातीं लागले. किल्ला मात्र सुरक्षित होता. तो बळानें घेण्याची अलाउद्दीनाची ताकदच नव्हती, कारण वेढ्याचीं यंत्रें त्याच्यापाशीं नव्हतीं आणि थांबावयास वेळही नव्हता. म्हणून त्यानें दुसरी थाप मारली. आपण केवळ आघाडीची तुकडी आहों, मागून सुलतानाची वीस हजारांची फौज येत आहे, असें त्यानें पसरविलें. राजा वांटाघाटीस तयार झाला. इतक्यांत शंकरदेव परत आला, वडिलांचा निरोप न जुमानतां लढला, आणि जिंकतां जिंकतां हरला. कारण नुसरतखानाची राखीव तुकडी धूळ उडवीत आली ती दिल्लीची फौजच आहे असें यादव सैन्याला वाटलें. एका थापेनें एक लढाई जिंकली ती अशी.

तरीही किल्ला उरलाच होता. शेजारच्या राजांची मदत येईपर्यंत तो झुंजवावा असें ठरलें, आणि तेव्हां तें प्रसिद्ध प्रकरण घडलें. धान्य म्हणून जीं पोतीं गडबडींत गडावर चढविलीं होतीं, त्यांतल्या पुष्कळ पोत्यांत मीठ निघालें. ही हकीकत फिरिश्त्यानें तीनशें वर्षांनंतर लिहिलेली आहे, तेव्हां ती शब्दशः खरी मानावी असा आग्रह नाहीं. पण पोत्यांत मीठ असो वा नसो, गडावरचा शिधा पुरला नाहीं आणि तहाची पाळी आली, हें निर्विवाद आहे. सोनें, मोतीं, रत्नें, रेशमी वस्त्रें यांची अगणित खंडणी देऊन आणि एलिचपूरचा वसूल दरसाल पाठविण्याचें कबूल करून रामचंद्रानें सुटका करून घेतली. तें सोनें घेऊन अलाउद्दीन परतला, भेटीस आलेल्या चुलत्याचा त्यानें त्याच वर्षीं खून करविला, आणि देवगिरीचें द्रव्य लोकांत उधळीत दिल्लीचें तख्त गांठलें. दिल्लीचा एक सर्वांत बलाढ्य सुलतान गोदावरीच्या पैशावर उभा राहिला, ही गोष्ट शालेय पुस्तकांत इतकी स्पष्ट सांगितलेली आढळत नाहीं.

येथें पुन्हां अँडीजकडे वळावें. १५३२ च्या नोव्हेंबरांत फ्रांसिस्को पिझारो हा स्पॅनिश साहसी १६८ माणसें घेऊन काहामार्का येथें आला. त्याच्यापुढें इंका सम्राट अताहुआल्पा; छावणींत हजारोंनीं मोजावें असें सैन्य. परकी मूठभर आहेत म्हणून सम्राट जवळजवळ निःशस्त्र परिवारानिशीं भेटीस गेला आणि कैद झाला. एक खोली सोन्यानें आणि दोनदां रुप्यानें भरून देतों, असें वचन त्यानें सुटकेसाठीं दिलें आणि तें पाळलेंही. तरी पुढच्या वर्षीं त्याला ठार मारण्यांत आलें. दोन्ही राज्यें पैशानें श्रीमंत, दोन्हींच्या राजांना आपल्या पर्वतांचा भरंवसा, आणि दोन्हींना येणारा मनुष्य कोण आहे हें वेळेवर कळलें नाहीं. इंकांनीं हजारों मैल सुरेख रस्ते बांधले होते. त्याच रस्त्यांवरून स्पॅनिशांचे घोडे धांवले. फरक एवढाच, कीं रामचंद्र वांचला. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर त्याला धरून दिल्लीस घेऊन गेला, तेव्हां अलाउद्दीनानें त्याचा सत्कार करून ‘रायरायान’ हा किताब दिला आणि परत पाठविलें. पुढें हाच राजा काफूरच्या दक्षिणेवरील स्वाऱ्यांना रसद पुरवितांना दिसतो. अताहुआल्पाचें मरण आणि रामचंद्राचा किताब, यांत अधिक करुण कोणतें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. शंकरदेवानें खंडणी नाकारली आणि तो लढतां लढतां पडला. रामचंद्राचा जांवई हरपाळदेव यानें पुन्हां उठाव केला. १३१८ च्या सुमारास सुलतान मुबारकशहानें त्याची जिवंतपणीं कातडी सोलविली. यादवांचें राज्य तेथें संपलें.

एवढें मनांत ठेवून मग किल्ल्यापुढें उभें राहावें. स्टेशन दौलताबाद या नांवाचें आहे. शहरापासून मोटारीनें जाणाऱ्याला पंधराएक किलोमीटर पडतात. सपाट मैदानांतून एकाएकीं वर उठलेला शंकूच्या आकाराचा डोंगर, सुमारें सहाशें फूट उंच. त्याचा खालचा भाग चहूंबाजूंनीं छिन्नीनें असा तासून काढला आहे कीं घोरपडीलाही नख रुतवितां येऊं नये. कड्याची ही उभी भिंत ठिकठिकाणीं दीडशें फुटांपर्यंत आहे. पायथ्याशीं खडकांतच खोदलेला खंदक. हें तासकाम किती यादवांचें आणि किती पुढच्या तुघलकांचें, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्या मुलखांत आठव्या शतकांत राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कारागिरांनीं कैलास लेणें वरून खालीं कोरून काढलें, त्या मुलखांतील हातांना डोंगर तासणें अवघड नव्हतें. वेरूळ तेथून दोनतीन कोसांवर आहे. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथें आला होता. वर चढावयास कातड्याची शिडी असे आणि रात्रीं ती ओढून घेत, असें तो लिहितो. आणि येथल्या तळघरांतील उंदीर मांजरांहून मोठे आहेत असेंही सांगतो! प्रवाशाच्या पिशवींत खरें आणि तिखटमीठ दोन्ही असावयाचेंच.

दरवाजे एकासमोर एक नाहींत. प्रत्येक वळणावर येणाऱ्याची बगल उघडी पडावी अशी योजना आहे. फळ्यांना हत्तीच्या कपाळासाठीं अणकुचीदार लोखंडी खिळे. खंदक ओलांडला कीं ‘अंधेरी’ लागते. खडकाच्या पोटांतून वर जाणारी, वळणें घेणारी, ऐन दुपारींही काळोखानें भरलेली वाट. तिच्या वरच्या तोंडावर लोखंडी झांकण टाकून त्यावर निखारे पेटवीत, म्हणजे धूर आणि आंच आंत कोंडावी. वाटाडे येथें मोठ्या रंगानें सांगतात कीं काळोखांत शत्रूचे लोक एकमेकांनाच कापीत. ऐकून घ्यावें, मात्र ज्या वेढ्यांची इतिहासांत नोंद आहे त्यांतल्या एकाचाही निकाल या अंधेरींत लागलेला नाहीं. निकाल लागला तो नेहमीं बाहेर; कोठारांत, दरबारांत, नाहीं तर तहाच्या कागदावर.

१६३३ चें उदाहरण पाहावें. तेव्हां किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता आणि मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान त्यांत होता. मोगल सेनापति महाबतखानानें वेढा घातला, सुरुंगांनीं बाहेरचे कोट उडविले. आंत उपासमार झाली आणि फत्तेखानानें किल्ला खालीं करून दिला. मधला कडा जसाच्या तसा होता. त्याच्या चार वर्षें आधीं, १६२९ मध्यें, याच किल्ल्यांत निजामशहाच्या हुकुमानें सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा मुलांसह खून झाला. लखुजी हे जिजाबाईंचे वडील, आणि सिंदखेडचे जाधव आपली परंपरा देवगिरीच्या यादवांशीं जोडतात. जालना स्टेशन मागें पडतें तेव्हां सिंदखेड तेथून फार दूर नाहीं, हें प्रवाशानें तेव्हांच मनाशीं टिपून ठेवलेलें बरें. शिवाजीमहाराज जन्मले ते यानंतर लवकरच.

बाकीच्या धन्यांची यादी लांब आहे. महंमद तुघलकानें १३२७ सालीं या गांवाला दौलताबाद हें नांव देऊन दिल्लीच्या लोकांना येथें आणून वसविलें. १३४७ सालीं बहामनी राज्य येथेंच जन्मलें. पंधराव्या शतकांत चांद मिनार उभा राहिला. औरंगजेबानें गोवळकोंड्याचा शेवटचा राजा अबुल हसन याला १६८७ नंतर मरेपर्यंत येथल्या चिनी महालांत कोंडून ठेवलें. १७६० सालीं उदगीरच्या विजयानंतर भाऊसाहेबांनीं किल्ला पेशव्यांकडे आणला, पण तो टिकला नाहीं. पुढें तो निजामाकडेच राहिला आणि १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें तेव्हां भारताचा झाला.

माचू पिच्चूचा आणि देवगिरीचा खरा भेद येथें आहे. तें नगर कोणी आलें नाहीं म्हणून राहिलें. हें, सर्व आले तरी राहिलें. तेथें पाहणाऱ्याला एकच काळ दिसतो. येथें मुबारकशहाच्या मशिदीचे खांब यादवांच्या देवळांचे आहेत, आणि त्याच वास्तूंत हैदराबादच्या विलीनीकरणानंतर भारतमातेची मूर्ति बसविलेली आहे. अशा जागीं भराभर पाहून चालत नाहीं. खांबावरचें नक्षीकाम कोणाचें, त्यावरची कमान कोणाची, आणि कमानीखालचा मनुष्य कोणाला हात जोडतो, हें सावकाश पाहावें लागतें. रागावण्यासाठीं जाणाऱ्याला येथें रागाचें साहित्य भरपूर मिळेल. समजून घेण्यासाठीं जाणाऱ्याला त्याहून पुष्कळ अधिक मिळेल.

म्हणून बेत असा करावा. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस उत्तम. वेरूळला एक पूर्ण दिवस. तेथें मंगळवारीं लेणीं बंद असतात, हें विसरून पुष्कळांची निराशा झाली आहे. वाटेवर खुल्दाबादेंत मलिक अंबर आणि औरंगजेब, जन्मभराचा खटाटोप संपवून, थोड्याच अंतरावर निजले आहेत. तेवढें पाहून घ्यावें. देवगिरीला दुसरा पूर्ण दिवस, आणि दरवाजा उघडतांच आंत शिरावें, कारण दहानंतर दगड तापतो. प्रत्येकाजवळ पाणी, एका घरामागें एक विजेरी, पायांत घट्ट वहाण. वटवाघळांच्या वासाचा ज्यांना त्रास होतो त्यांनीं रुमाल ठेवावा. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं खंदकापर्यंत यावें आणि हत्ती हौदापाशीं सांवलींत बसावें. तें पाणी सांठविण्याचें काम पाहण्यांतही एक तास सुखानें जातो. शिदोरी म्हणून शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा नेणाऱ्यांना एक मौज सांगण्यासारखी आहे. मिरची, शेंगदाणा, बटाटा, हे तिन्ही जिन्नस अमेरिकाखंडाचे, आणि बटाटा तर अस्सल अँडीजचा. पोर्तुगीज जहाजें या किनाऱ्याला लागल्यानंतर ते इकडे आले. रामचंद्राच्या मुदपाकखान्यांत मिरीं होतीं, मिरची नव्हती. म्हणजे पेरूला जाण्यापूर्वींच पेरू आपल्या डब्यांत येऊन बसला आहे.

अंधेरींतून बाहेर पडल्यावर शेंकडों पायऱ्या राहतात. वाटेंत गणपतीचें लहान देऊळ आहे, पुढें मोगलांची बारादरी, आणि माथ्याजवळ एक गुहा. ती जनार्दनस्वामींची. स्वामी निजामशाहींत या किल्ल्यावर अधिकारी होते. पैठणचा लहान एकनाथ त्यांच्याकडे शिकावयास आला तो येथेंच. गुरूंनीं त्याला जमाखर्च लिहावयास लाविलें. परंपरा सांगते कीं एकदां हिशेब जमेना. एका पैचा फरक येत होता. एकनाथ दिव्याशीं वही घेऊन बसला, रात्र उलटून गेली, वात संपत आली, आणि उत्तररात्रीं चूक सांपडतांच त्यानें आनंदानें टाळी वाजविली. टाळीच्या आवाजानें गुरु जागे झाले. सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं ज्या गडावर पोतीं न उघडतां चढविलीं गेलीं, त्याच गडावरची ही गोष्ट आहे.

गुहेसमोरून दक्षिणपूर्वेकडे पाहिलें तर मैदान दूरवर पसरलेलें दिसतें. त्या अंगाला, दृष्टीच्या पलीकडे, गोदावरी आणि तिच्या जवळच पोखर्णी. उतरतांना उन्हें कलंडण्यापूर्वीं अंधेरी गांठावी. खालीं जातांना तेथें चढतांनापेक्षां पाय अधिक सांभाळावा लागतो, आणि विजेरी पुढच्या माणसाच्या हातीं न देतां मागच्याच्या हातीं द्यावी.